चढणीचे मासे आणि खळाळते पाणी

पावसाळ्याच्या सुरुवातीला नदीला पहिले गढूळ पाणी आले की आमच्या भागात एक वाक्य हमखास ऐकू येते, "मासे चढायला लागले." उन्हाळाभर डोहात दबून राहिलेले मासे या नव्या पाण्याच्या वासाने जागे होतात आणि प्रवाहाच्या उलट निघतात. त्यांना अंडी घालायला उथळ, ताजे, वाळू-गोट्यांचे पाणी हवे असते. कोकणात याला वळगण म्हणतात, आमच्याकडे नुसते 'चढणीचे मासे'.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी मी खालच्या प्रवरेवरच्या एका कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याखाली उभा होतो. गाळ्यांतल्या फळ्या काढलेल्या होत्या, पण तळाच्या एक-दोन फळ्या गाळात रुतून तशाच राहिल्या होत्या. पाणी त्यांच्यावरून हातभर खाली काँक्रीटच्या फरशीवर आदळत होते. त्या फेसातून वीतभर, दीड वीत लांबीचे मासे उड्या मारत होते. कुणी फळीला थडकत होता, कुणी आडवा होऊन खाली पडत होता. पोटे गाभोळीने फुगलेली. शेजारी एक म्हातारे भोई बाबा फेकजाळे आवरत बसले होते. मी म्हणालो, "बाबा, हातभर उंची चढता येईना का यांना?" ते म्हणाले, "भाऊ, उंचीचं काय नाय. वर खडकात याच्या दुप्पट चढतात. हितं पाण्याला बूड नाय."

पाण्याला बूड नाही म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले नाही. खडकातले पाणीही खळाळते आणि बंधाऱ्याखालचेही खळाळते. मग एका खळाळातून मासा वर जातो आणि दुसऱ्यात हरतो, असे का? या प्रश्नामागे गेली काही वर्षे मी मिळेल ते वाचत आलो. माझे शिक्षण पाण्याच्या शास्त्रात झालेले नाही, पोटापाण्यासाठी मी मोटर रिवाइंडिंगचे दुकान चालवतो. पण उत्तर जसजसे उलगडत गेले तसतसे हेही लक्षात आले की आपल्या जिल्ह्यात या बाबतीत थोडक्यात पुष्कळ करता येण्याजोगे आहे. म्हणून हा लेख.

आपल्या माशांची नावे

दख्खनच्या माशांची पहिली शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने केली. मुंबई सरकारचा संख्याशास्त्रीय वार्ताहर म्हणून तो १८२४ ते १८३१ या काळात दख्खनमध्ये फिरला. भीमा आणि तिच्या उपनद्यांतले मासे त्याने पाहिले, त्यांची चित्रे काढून घेतली आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. त्याने बऱ्याच माशांना लॅटिन नावे देताना मराठी माणसांच्या तोंडचेच शब्द उचलले. दख्खनी महासीर आजही 'टॉर खुद्री' आहे, दगडाला चिकटून राहणारा मळ्या 'गारा मुल्या' आहे, कोळस 'हिप्सेलोबार्बस कोलस' आहे. आपल्या ओढ्यांतली बोली अशी जगाच्या ग्रंथालयांत जाऊन बसली आहे.

साइक्सने एक वाम मासाही नोंदवला. त्याला आपल्याकडे अहीर म्हणतात. हा मासा अंडी घालायला समुद्रात जातो आणि त्याची सुतासारखी पिल्ले नदीतून पुन्हा वर येतात. दख्खनच्या नद्या पूर्वेला वाहतात, तेव्हा पठारावर सापडलेला प्रत्येक अहीर बंगालच्या उपसागरातून शेकडो किलोमीटर चढून आलेला असतो. अहीर हे टोकाचे उदाहरण झाले. महासीर, कोळस किंवा लहानसहान कोळशी-खवल्यांचा प्रवास काही किलोमीटरचा असतो. पण तेवढा झाला नाही तरी पुढची पिढी होत नाही.

खळबळ म्हणजे काय

नळ हळू सोडला तर पाण्याची धार काचेच्या कांडीसारखी दिसते. जास्त सोडला की ती पांढरी होऊन थरथरू लागते. पहिल्या प्रवाहाला पुस्तकी मराठीत स्तरीय प्रवाह म्हणतात, दुसऱ्याला प्रक्षुब्ध प्रवाह. मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून हा फरक दाखवला. वेग कमी असताना रंगाची रेघ सरळ जाते. वेग एका मर्यादेपुढे गेला की रेघ फुटते आणि रंग सगळ्या पाण्यात मिसळतो. पाणी पुढे तर जातेच, शिवाय लहानमोठ्या भोवऱ्यांतून वर-खाली, आडवे-तिडवे फिरू लागते.

नदीत स्तरीय प्रवाह जवळजवळ कधीच नसतो. संथ दिसणाऱ्या डोहातही भोवरे असतात. त्यामुळे मासा हा जन्मापासून खळबळीतच वाढलेला प्राणी आहे. त्याच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत ठिपक्यांची एक रेघ असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. त्या ठिपक्यांखालच्या नलिकेत पाण्याची हालचाल ओळखणारी इंद्रिये असतात. गढूळ पाण्यात डोळ्याला काही दिसत नसले तरी कुठून भोवरा येतो आहे हे माशाला कुशीवर कळते.

माशाची ताकद किती

मासा कापताना कातडीखाली मधल्या रेघेवर लालसर काळपट मांसाची पट्टी दिसते. बाकीचे मांस पांढरे असते. लाल मांस न थकता तासन् तास चालणारे, पांढरे मांस जोरदार पण लवकर दमणारे. सैल चालीत मासा लाल मांसावर पोहतो. धाव घेतो ती पांढऱ्या मांसावर.

ढोबळ हिशेब असा सांगतात, की मासा सेकंदाला आपल्या लांबीच्या दोन-तीन पट वेगाने बराच वेळ पोहू शकतो. जिवाच्या आकांताने धावला तर सुमारे दहा पट, पण तेही जास्तीत जास्त वीस सेकंदांच्या आत. मग त्याला थांबून दम खावा लागतो. पाणी गार असेल, मासा दमलेला किंवा गाभोळीने जड झालेला असेल, तर हे आकडे आणखी खाली येतात.

आता बंधाऱ्याच्या फरशीचा हिशेब करू. समजा, फरशी ६ मीटर लांब आहे आणि तिच्यावरून पाणी सेकंदाला १.८ मीटर वेगाने सपाट धावते आहे. २० सेंटिमीटरचा मासा धावला तर त्याचा वेग २ मीटर. म्हणजे जमिनीच्या हिशेबाने तो सेकंदाला फक्त २० सेंटिमीटर पुढे सरकतो. फरशी ओलांडायला त्याला ३० सेकंद लागतील, पण त्याचा दम वीस सेकंदांतच संपतो. तो हरणारच. त्याच फरशीवर दगड बसवून पाण्याचा वेग १.२ मीटरवर आणला तर तोच मासा सात-आठ सेकंदांत पार होईल. अर्ध्या मीटरच्या महासिराला मात्र आधीची फरशीही अवघड नाही. म्हणून 'मोठे मासे चढताना दिसतात' यावर समाधान मानू नये. अडतात ते लहान.

हा वेग कुणालाही मोजता येतो. काठावर १० मीटर अंतरावर दोन खुणा करायच्या, वरच्या खुणेपाशी पाण्यात लिंबू टाकायचे आणि मोबाइलच्या घड्याळावर सेकंद मोजायचे. लिंबाला पाच सेकंद लागले तर पृष्ठभागावरचा वेग सेकंदाला २ मीटर. सरासरी वेग याहून थोडा कमी धरायचा. तळाजवळ तो त्याहूनही कमी असतो, कारण दगड-वाळू पाण्याला धरून ठेवतात. मळ्या, मुरे यांसारखे लहान मासे याच तळाच्या मंद थरातून, दगडाला पोट लावून वर सरकतात. गुळगुळीत काँक्रीटवर हा थर अगदी पातळ होतो, आणि त्यांची वाटच नाहीशी होते.

भोवरा मित्र

वाहत्या पाण्यात उभा खांब असेल तर त्याच्या मागे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून असे आळीपाळीने भोवरे सुटतात. पुलावरून खाली पाहिले तर ही माळ दिसते. थिओडोर फॉन कार्मान यांनी १९११ च्या सुमारास तिचे गणित मांडले, म्हणून तिला कार्मानची भोवरेमाळ म्हणतात. भोवऱ्यांचा ठेकाही ढोबळपणे काढता येतो: वेगाला खांबाच्या जाडीने भागायचे आणि त्याचा पाचवा हिस्सा घ्यायचा. १० सेंटिमीटर जाडीच्या खांबावर पाणी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने येत असेल, तर दर सेकंदाला एका बाजूचा एक भोवरा सुटतो.

२००३ मध्ये अमेरिकेत जेम्स लियाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट मासे अशा खांबामागे पोहू दिले आणि त्यांच्या स्नायूंत बारीक तारा बसवून कोणता स्नायू केव्हा काम करतो ते मोजले. मासे भोवऱ्यांच्या ठेक्यात अंग वळवत, शिडाच्या होडीसारखे डावी-उजवीकडे झुकत एका जागी राहिले, आणि मोकळ्या प्रवाहात पोहताना लागतात त्याहून पुष्कळ कमी स्नायू त्यांनी वापरले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या प्रयोगात याच मंडळींपैकी काहींनी मेलेला ट्राउट भोवऱ्यांच्या माळेत ठेवला. त्याचे लवचीक अंग भोवऱ्यांबरोबर हलू लागले आणि तो मेलेला मासा प्रवाहाच्या उलट पुढे सरकला. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. प्रवाहाने मागे ढकलायचे हेच आपण धरून चाललेलो असतो. पण प्रवाह नीट फुटला तर त्यातली शक्ती माशाला वरही नेऊ शकते.

खडकाळ नदीत हेच घडते. प्रत्येक धोंड्यामागे मंद पाण्याचा एक कोपरा असतो, त्याच्या कडेला ठेक्यात सुटणारे भोवरे असतात. मासा एका धोंड्यामागून दुसऱ्यामागे धाव घेतो, थांबतो, पुन्हा निघतो. लांबून एकच धबडगा दिसतो, पण माशाच्या लेखी तो पायऱ्यांचा जिना असतो.

भोवरा वैरी

मग बंधाऱ्याखालचा खळाळ वेगळा का? संशोधक आता खळबळीचे चार गुण वेगवेगळे पाहतात: तिची तीव्रता, तिचा ठेका, भोवऱ्यांची दिशा आणि त्यांचा आकार.

आकाराचे पाहू. माशाहून फार लहान भोवरे त्याच्या अंगावर सगळीकडे सारखे लागतात, त्यांचे परिणाम एकमेकांना खोडतात. माशाहून फार मोठा भोवरा त्याला अख्खाच वाहून नेतो, पण पाडत नाही. घात होतो तो साधारण माशाच्या लांबीएवढ्या भोवऱ्यांत. एक भोवरा डोके एकीकडे ढकलतो आणि शेपटी दुसरीकडे. पोर्तुगालमध्ये बार्बेल या, आपल्या महासिराच्याच मोठ्या कुळातल्या माशावर प्रयोग झाले आहेत, आणि त्यांतही माशाच्या लांबीच्या जवळचे भोवरे त्रासदायक ठरल्याचे दिसले.

दिशेची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. उभ्या खांबामागचा भोवरा उभ्या आसाभोवती, म्हणजे ताकातल्या रवीसारखा फिरतो. मासा पोहताना अंग डावी-उजवीकडेच वळवतो, त्यामुळे असा भोवरा त्याच्या सवयीचा आहे. पाण्यात आडवी काठी असेल तर मात्र तिच्यामागचा भोवरा आडव्या आसाभोवती, लाटण्यासारखा फिरतो. तो माशाचे तोंड खाली आणि शेपूट वर करतो. माशाचे अंग त्या दिशेने फारसे वळत नाही, त्याचा तोल जातो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात लहान माशांसमोर उभ्या आणि आडव्या नळ्यांच्या रांगा ठेवल्या होत्या. आडव्या नळ्यांमागे, भोवरे माशाच्या लांबीच्या पाऊणपटीच्या आसपास मोठे झाले की मासे उलटून वाहून जात होते.

बंधाऱ्याचे खांब उभे असतात. त्यांच्यामागचे भोवरे माशाला परवडणारे. पण गाळ्यात तळाला अडकलेली फळी ही आडवी काठी आहे. तिच्यावरून पडणारे पाणी खाली लाटण्यासारखे गोल फिरत राहते. त्याच भोवऱ्यात मी मासे गटांगळ्या खाताना पाहिले होते.

राहिली तीव्रता. इथे माझा धंदा कामी आला. ३५ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनमीटर पाणी. ते १ मीटर खाली पडले तर त्यातून ९.८ किलोवॉट, म्हणजे सुमारे १३ हॉर्सपॉवरची शक्ती मोकळी होते. शेतातल्या पाच हॉर्सपॉवरच्या अडीच मोटारी विहिरीत उलट्या टाकून एकाच वेळी पाणी घुसळल्यासारखे ते होते. ही सगळी शक्ती खालच्या पाण्यातल्या भोवऱ्यांत जिरते. किती पाण्यात जिरते यावर माशाचे नशीब ठरते. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २००२ मध्ये जर्मन जलतज्ज्ञांच्या संस्थेबरोबर काढलेल्या मार्गदर्शिकेत सामन जातीच्या माशांसाठी दर घनमीटर पाण्यात २०० वॉट आणि इतर माशांसाठी १५० वॉट ही मर्यादा दिली आहे. खालच्या डबक्यात १० घनमीटरच पाणी असेल तर ९८० वॉट होतात, मर्यादेच्या सहापट. मर्यादेत राहायचे तर ६५ घनमीटरचा डोह हवा. तेच पाणी २०-२० सेंटिमीटरच्या पाच पायऱ्यांवरून उतरवले, तर प्रत्येक पायरीला सुमारे १३ घनमीटरचे डबके पुरते. हे आकडे युरोपातल्या माशांवरून ठरले आहेत, पण त्यातली रीत इथेही लागू पडते.

आणि 'बूड'? उडी मारायलाही माशाला आधी पाण्यात जोर घ्यावा लागतो. हातभर, म्हणजे ४५ सेंटिमीटर उडी मारायची तर पाण्यातून निघताना सेकंदाला ३ मीटर वेग हवा. एक फुटी मासा तो जेमतेम गाठू शकतो, पण खाली खोल आणि घट्ट पाणी असेल तरच. स्कॉटलंडमधल्या टी. ए. स्टुअर्ट यांनी १९६२ मध्ये सामन आणि ट्राउट यांच्या उड्यांचा अभ्यास मांडला. त्यांच्या मते डोहाची खोली धबधब्याच्या उंचीच्या सव्वापट असावी, म्हणजे पडलेले पाणी तळाशी जाऊन पुन्हा वर उसळते आणि त्या उसळीवर मासा स्वार होतो. काँक्रीटच्या फरशीवर वीतभर पाणी असते आणि त्यात निम्मी हवा. फेसाळ पाणी हलके असते, शेपटी मारली तरी त्यात पकड मिळत नाही. भोई बाबा जे एका शब्दात सांगत होते ते हेच होते.

माशांच्या शिड्या

हा प्रश्न जगात जुना आहे. कॅनडातल्या फ्रेझर नदीवर हेल्स गेट नावाची अरुंद खिंड आहे. १९१३-१४ मध्ये रेल्वेमार्गाच्या कामामुळे तिथे दरडी कोसळल्या, पाणी आणखी कोंडून वेगवान झाले आणि लाखो सामन मासे खालीच अडकले. तिथे धरण नव्हते, भिंत नव्हती. नुसत्या वेगाने आणि खळबळीने नदी बंद झाली होती. १९४५-४६ मध्ये तिथे उभ्या फटींच्या काँक्रीट मार्गिका बांधल्यावर मासे पुन्हा वर जाऊ लागले. बेल्जियमच्या डेनिल या इंजिनिअरने त्याआधीच, १९०९ मध्ये, उतारावर आडवे-तिरपे पडदे बसवून पाण्याची शक्ती भोवऱ्यांत जिरवणारी शिडी सुचवली होती. ती दणकट माशांना चालते, लहान मासे तिच्यात भांबावतात. अलीकडे कल आहे तो दगडगोट्यांच्या मंद उताराकडे, म्हणजे खडकाळ नदीची नक्कल करण्याकडे.

आपल्या देशातला धडा फरक्क्याचा आहे. १९७५ मध्ये तिथले बॅरेज सुरू झाले. पूर्वी गंगेतून अलाहाबादच्याही वर जाणारा हिलसा मासा त्यानंतर वरच्या गंगेतून जवळपास नाहीसा झाला. माशांसाठी सोय ठेवलेली असूनही हे घडले. नुसती वाट बांधून भागत नाही. तिच्या तोंडाशी पाण्याची ओढ कशी आहे आणि आत खळबळ किती आहे, यावर मासा त्या वाटेने जाईल की नाही हे ठरते.

प्रवरेवर काय करता येईल

रतनगडापाशी उगम पावणारी प्रवरा नेवासा तालुक्यात टोका-प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. वाटेत भंडारदरा आहे, त्याचे उद्घाटन १९२६ मध्ये झाले. त्याखाली रंधा धबधबा, मग निळवंडे, मग संगमनेर तालुक्यात एकोणिसाव्या शतकातला ओझरचा बंधारा. रंधा धबधब्याने निसर्गानेच मासे थोपवलेले आहेत. भंडारदरा किंवा निळवंडे यांच्या भिंतींना शिडी लावा, असे मी म्हणणार नाही. खाली पैठणला १९७६ पासून जायकवाडीची भिंत उभी आहे, ती समुद्राकडून येणाऱ्या अहिराला पार होणारी नाही. पण नाथसागर हाच आता खालच्या माशांचा समुद्र झाला आहे. त्यातले मासे पहिल्या पुरात प्रवरेत शिरतात. ओझर ते टोका हा नदीचा जो तुकडा उरला आहे, त्यात आडवे येतात ते एकापाठोपाठ असलेले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे.

आणि इथेच आशा आहे. हा बंधारा मुळातच पावसाळ्यात उघडा राहावा म्हणून आखलेला आहे. ऑक्टोबरात फळ्या घालायच्या, पावसाळ्यापूर्वी काढायच्या. मासे चढतात तेही नेमके पावसाळ्याच्या सुरुवातीला. दुसरे कुठलेही धरण माशांच्या वेळापत्रकाशी इतके जुळत नाही. अडचण एवढीच, की तळाच्या फळ्या गाळात रुतून राहतात, आणि वाळूउपशाने खालचे पात्र खचले की फरशीची कड हवेत लटकते.

माझ्या मते करण्याजोग्या गोष्टी चार. पहिली, प्रत्येक बंधाऱ्याचे निदान काठालगतचे दोन गाळे मे महिन्यातच तळापर्यंत मोकळे करावेत, गाळासकट. नदी कोरडी असताना हे काम सोपे असते. दुसरी, त्या गाळ्यांच्या फरशीवर माणसाच्या डोक्याएवढे दगड नागमोडी अंतराने काँक्रीटमध्ये पक्के बसवावेत. सुटे दगड टाकू नयेत, पुरात ते वाहून गाळ्यात अडकतात. हे काम जलसंपदा विभागाच्या इंजिनिअरच्या संमतीनेच व्हावे. तिसरी, फरशीची कड लटकलेली असेल तिथे एका काठाला दगडांचा उतार करावा, वीस मीटर लांबीला एक मीटर चढ, याहून तीव्र नको. चौथी, पहिल्या पुराच्या दिवसांत बंधाऱ्याच्या तोंडाशी जाळे टाकू नये. ही शेवटची गोष्ट बोलायला सोपी आणि करायला कठीण आहे, कारण भोयांच्या चुलीला तेच चार दिवस असतात. ते दिवस सोडायचे तर त्याची भरपाई द्यायला हवी.

आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. शेतकरी म्हणतात, पाऊस लांबला तर तळाचे पाणी हवेच. दुष्काळी जिल्ह्यात या बोलण्याला मान दिला पाहिजे. पण मे महिन्यात त्या फळ्यांमागे बहुतेक ठिकाणी पाणी नसते, गाळ असतो. दुसरा आक्षेप असा, की वाट मोकळी केली तर चिलापी आणि परदेशी मांगूरही वर जातील. जातील. पण चिलापीला साचलेले पाणी जास्त मानवते. आपण नदीची डबकी केली म्हणूनच तिचे इतके फावले.

जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायचे ठरले, की बंधाऱ्यांच्या फळ्या काढायला माणसे लावली जातात, देखरेख होते. म्हणजे फळ्या काढण्याची यंत्रणा आहे, माणसे आहेत, सवयही आहे. तेच काम मे महिन्यात, दोन गाळ्यांपुरते, तळापर्यंत करायचे आहे.

भोई बाबा आता नदीवर येत नाहीत, गुडघे धरले आहेत. गेल्या वर्षी घरी जाऊन मी त्यांना आडव्या आणि उभ्या भोवऱ्यांचे सगळे सांगितले, अंगणातल्या बादलीत काडी धरून दाखवलेही. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "ते झालं. पण त्या खालच्या फळ्या काढल्या का कुणी?" नाही म्हणून सांगताना मला जे वाटले त्यासाठीच हे सगळे लिहिले आहे. प्रवरेकाठच्या ज्या वाचकाच्या गावाला असा बंधारा असेल, त्याने येत्या मे महिन्यात एकदा खाली उतरून आपल्या गाळ्यांचा तळ पाहावा.